बाविसांतले सात

रॉबर्ट बर्न्स मला पाठ्यपुस्तकात भेटला, म्हणजे कवी म्हणून. त्याची कितीतरी गीते आधीच प्रचलित असलेल्या चालींवर बेतलेली होती, हे जीन रेडपाथचा आवाज कानी पडेपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते. पहिल्या ऐकण्यात निम्मे शब्दही कळले नाहीत. स्कॉट्स बोली इंग्रजीच्या शेजारची असूनही चांगलीच हुलकावणी देते. तरीही वाचताना रूक्ष वाटलेल्या ओळी सैल होऊन चालू लागल्या.

रेडपाथ (१९३७–२०१४) फाइफमधल्या लीव्हन गावी वाढली. गाणी आईकडून आली. पुढे एडिंबरा विद्यापीठात हॅमिश हेंडरसनसारखा संग्राहक भेटला, तेव्हा घरात सहज गायले जाणारे हे धन अभ्यासाचाही विषय आहे हे तिला दिसले असणार. १९६१ साली ती अमेरिकेत गेली. खिशात अकरा डॉलर होते असे सांगतात. ग्रिनिच व्हिलेजमधल्या त्या गजबजाटात तिने आपली बोली परक्या कानांसाठी पातळ केली नाही, हे मला विशेष वाटते. १९७२ ते १९७६ ती कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात निवासी कलावंत होती. कर्नाटक संगीताचे शिक्षणही तिथे दिले जाई, तेव्हा आईकडून आलेले गाणे वर्गात शिकवणे तिथे कुणाला विचित्र वाटले नसावे.

तिचे सर्वांत मोठे काम मात्र अपुरे राहिले. सर्ज होव्ही या अमेरिकन संगीतकाराने बर्न्सच्या तीनशेहून अधिक गीतांच्या मूळ चाली शोधून त्यांची वाद्यरचना केली होती. रेडपाथने ती सारी गायची, बावीस खंड काढायचे, असा संकल्प होता. खंड निघाले सात. १९८९ मध्ये होव्ही वारला. (त्याचा वाद्यमेळ माझ्या कानाला काही ठिकाणी अवजड वाटतो, तिचा आवाज एकटाच पुरेसा असतो.) जगभर नववर्षाच्या मध्यरात्री गातात ते 'ऑल्ड लँग साइन' १७९६ साली प्रथम छापले गेले ते वेगळ्याच चालीसह. रेडपाथ ती जुनी चाल गाते. त्यात जल्लोष नाही. दोन म्हातारे मित्र समोरासमोर बसले आहेत, एवढेच आहे.

हे ऐकताना मला माझी वही आठवते. आईच्या जात्यावरच्या ओव्या मी कॉलेजात असताना उतरवून घेतल्या, बासष्ट. शुद्धलेखन तपासून, क्रमांक घालून. टेपरेकॉर्डर घरात होता, पण तिचा आवाज टिपून ठेवावा असे सुचले नाही. शब्द मिळाले म्हणजे ओवी मिळाली, अशी माझी समजूत होती.

गेल्या महिन्यात ताईला फोन करून त्यातली एक ओवी वाचून दाखवली आणि चाल विचारली. तिने गुणगुणायला सुरुवात केली. दुसऱ्या चरणापाशी थांबली. म्हणाली, "थांब, जात्याशी बसल्याशिवाय नाही यायचं." जाते आम्ही केव्हाच देऊन टाकले आहे.