चिरेबंदी घरातले बिनतारी सूर

रत्नागिरीत मृगाच्या सरी सुरू झाल्या आणि भाट्याच्या बाजूने चालून आलेला पाऊस कौलांवर आपला अखंड ठेका धरू लागला, म्हणजे घरातल्या गाण्याला एका प्रबळ प्रतिस्पर्ध्याशी सामना करावा लागतो. ज्या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच ओतला जातो, त्या मुलखात घरी बसून संगीत ऐकणे म्हणजे ऋतूशी सतत तडजोड करणे होय. ओटीवर लावलेले पद माजघरात अर्धेच पोहोचते, माजघरातला आलाप मागल्या पडवीत भाजी निवडणाऱ्या बाईच्या कानी पडतच नाही, आणि पडवीतल्या माणसासाठी आवाज चढवावा तर ओटीवरच्या वृद्धाला तो असह्य होतो. म्हणूनच घराच्या एका कोपऱ्यातील संगणकात साठवलेले संगीत, तारांचे जाळे न पसरता, खोल्याखोल्यांतून मांडलेल्या लहान स्पीकरांपर्यंत नेण्याची जी विद्या अलीकडे सामान्य गृहस्थाच्या आटोक्यात आली आहे, तिच्याकडे केवळ एक यांत्रिक सोय म्हणून पाहणे मला जमत नाही.

एके काळी घरात रेडिओ एकच असे आणि तो ओटीवर असे. आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रावरून लागलेले नाट्यपद आजोबा, सून, शाळेतून आलेला मुलगा आणि अंगणात नारळ सोलणारा गडी हे सर्व एकाच वेळी ऐकत, आणि गाण्याच्या आवडीनिवडीचे संस्कार कोणीही न करता आपोआप होत. पुढे कानात घालण्याची यंत्रे आली. त्यांनी श्रवणाला एकांत दिला, हे त्यांचे ऋण मी नाकारीत नाही, पण त्याच वेळी एका छपराखाली बसलेली चार माणसे चार निरनिराळी गाणी ऐकू लागली व परस्परांस त्याचा पत्ता लागेनासा झाला. घराला घराचे असे एक संगीत असावे, ते कोणाच्या खिशात नसून हवेत असावे, आणि नकळत्या वयातील मुलांच्या कानांवर ते विनासायास पडत राहावे, ही माझी श्रद्धा आहे. या लेखाचा सारा खटाटोप त्या श्रद्धेपायीच.

आणि रत्नागिरीच्या घरांत ऐकण्याजोगे काय कमी आहे? सावरकरांनी १९२४ ते १९३७ या काळातील येथल्या स्थानबद्धतेत असताना लिहिलेले ‘संगीत संन्यस्त खड्ग’ मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले, त्याच्या चाली वझेबुवांनी बांधल्या, आणि ती पदे दीनानाथांच्या पश्चातही गळ्यागळ्यांतून चालत आली. आजही थिबा राजवाड्याच्या प्रांगणात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो, खल्वायनसारखी संस्था संगीत नाटकाचा वसा निष्ठेने चालवते, आणि त्या मैफलींतून परतलेला श्रोता घरी येऊन पुन्हा तेच राग ऐकू इच्छितो. अशा श्रोत्यांच्या घरी कपाटांत, माळ्यावर, पत्र्याच्या पेट्यांत जुना ऐवज पडून असतो. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या, एलपी, आणि सर्वांत अधिक म्हणजे कॅसेटी. परंतु आमची हवा या ऐवजाची हितचिंतक नाही. तबकडीच्या कागदी वेष्टनावर बुरशी चढते, फितीवरील चुंबकीय लेप दमटपणाने मऊ पडून चिकटू लागतो, आणि दोन-तीन पावसाळे न उघडलेली पेटी उघडली की फितीच्या कडेने पांढरी नक्षी उमटलेली दिसते. हे संगीत संगणकात उतरवून घेण्याचे काम म्हणूनच स्पीकर विकत घेण्याच्या आधीचे आहे.

या कामात घाई चालत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे तीन हजारांश इंच जाडीच्या टोकाची सुई लागते, आणि एलपीची बारीक सुई तिच्यात फिरवली तर गाण्यापेक्षा तळाचा खरखराटच अधिक उचलला जातो. कॅसेटीच्या दोन बाजूंत चिरलेला एखादा ख्याल, विलंबित एका अंगाला आणि द्रुत दुसऱ्या अंगाला, असा असतो; तो उतरवताना दोन्ही तुकडे सांधून एकसंध करून ठेवावेत. साठवणुकीच्या प्रकाराबाबत माझे मत ठाम आहे. सीडीवरील संगीतात प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात आणि दोन वाहिन्या धरून सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट्स खर्ची पडतात. एमपीथ्रीच्या १२८ किलोबिटांच्या फाइलीत त्याचा अकरावा हिस्साच शिल्लक राहतो, आणि उरलेला, मनुष्याच्या कानाला बहुधा जाणवणार नाही अशा हिशेबाने, टाकून दिलेला असतो. हा हिशेब सिनेगीताला चालून जाईल. परंतु तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारी स्वरांची सूक्ष्म झालर, जिच्यावर आपले सारे रागसंगीत उभे आहे, तिची कड अशा फाइलीत बोथट होते. २००१ साली जोश कोल्सन यांनी जगाला मोफत दिलेला फ्लॅक हा प्रकार काहीही न टाकता फाइलीचा आकार निम्म्याच्या आसपास आणतो. मूळ प्रत त्यातच ठेवावी.

यानंतरचे काम नावांचे. भारतातील पहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी, १९०२ साली कलकत्त्यात झालेल्या मुद्रणांत, गौहरजान गाणे संपताच आपले नाव स्वतःच्या मुखाने इंग्रजीत उच्चारी. तबकडी घडवणारे कारागीर परदेशात असत आणि लेबलावर कोणाचे नाव घालावयाचे हे त्यांना त्या उच्चारावरून समजे. गायिकेचे नाव गाण्यातच कोरलेले राहिल्यामुळे ते कधी हरवले नाही. आमच्या संगणकांतील गाण्यांची मात्र नावे सर्रास हरवतात. एमपीथ्री फाइलीच्या शेपटीला माहिती जोडण्याची जी पहिली पद्धत १९९६ च्या सुमारास निघाली, तिच्यात शीर्षकाला तीस रोमन अक्षरांचा रकाना होता, आणि संगीतप्रकार ऐंशी नावांच्या ठरीव यादीतून क्रमांकाने निवडावा लागे; त्या यादीत जॅझ होते, रॉक होते, पण नाट्यसंगीत, अभंग, ठुमरी यांना जागा नव्हती. पुढच्या आवृत्त्यांत देवनागरीची सोय झाली, आणि फ्लॅकमध्ये तर रकान्याचे नाव रोमन लिपीत द्यावे लागत असले तरी रकाने हवे तितके वाढवता येतात व आतला मजकूर मराठीत लिहिता येतो. म्हणून राग, ताल, गायक, साथीदार, नाटक, पद्यकार, चाल बांधणारा अशी रीतसर फेरिस्त करावी. ‘संन्यस्त खड्गा’तील एका पदाखाली सावरकर, वझेबुवा आणि दीनानाथ ही तीनही नावे पडली पाहिजेत, ‘कलाकार’ नामक एकाच रकान्यात एकच नाव कोंबून बाकीच्या दोघांना बेदखल करणे हा अन्याय आहे, आणि यंत्राच्या सोयीसाठी तो आपण करू नये.

आता भिंतींकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आचार्य जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत्-चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली, तेव्हा त्या सभेतील लोकांना जो विस्मय वाटला असेल तोच विस्मय आजही, माळ्यावरच्या संगणकातले गाणे पडवीत उमटते तेव्हा, मला प्रत्येक वेळी वाटतो. परंतु लहर भिंत ओलांडते म्हणजे काहीही न गमावता ओलांडते असे नव्हे. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटर. जितकी लहर आखूड तितका भिंतीतला तिचा क्षय अधिक. आमच्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या. हा दगड सच्छिद्र, लोहयुक्त आणि पाणी पिणारा. उन्हाळ्यात कोरडा असताना तो या लहरींना बऱ्यापैकी वाट देतो, पण श्रावणात, चिरा आतपर्यंत भिजून घराला गार ओल आली की तीच भिंत त्यांना गिळू लागते, कारण पाणी या लहरींचे मोठे भक्षक आहे. मे महिन्यात विनातक्रार वाजणारा पडवीतला स्पीकर जुलैत अडखळू लागतो तेव्हा दोष यंत्राचा नसतो. पावसापासून बचावासाठी घातलेले पत्र्याचे आच्छादन ही आणखी एक अडचण, कारण धातूवरून या लहरी परतून जातात. ब्लूटूथची लहरही याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली, तिची मजल साधारण दहा मीटरांची, आणि तिचे नाते मुख्यतः एका फोनचे एका स्पीकरशी. एका खोलीपुरते ते ठीक. चौसोपी घराला ते पुरे पडत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते आपल्या घरबांधणीच्या शहाणपणाशी जुळतात. राउटर पुढल्या दाराशी, तार जिथून घरात आली तिथेच खिळून ठेवण्याची जी प्रथा पडली आहे ती सोडून तो माजघरात, म्हणजे घराच्या नाभीस्थानी, माणसाच्या उंचीहून थोडा वर ठेवावा. लहरींना खिडक्या व दारांची वाट मिळेल असा त्याचा रोख असावा. आणि पडवी फार दूर असेल तर संगणकापासून तिथवर एकच तार वाशांच्या आडोशाने नेऊन टोकाला दुसरे बिनतारी ठाणे वसवावे. सर्वच बिनतारी असले पाहिजे हा हट्ट व्यर्थ आहे. एक तार योग्य जागी टाकली की बाकीच्या दहा वाचतात.

खोल्याखोल्यांतील स्पीकर जुळवताना खरी कसोटी कालाची असते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटर ओलांडण्यास त्याला सेकंदाचे साधारण तीस सहस्रांश लागतात. दोन स्पीकरांच्या वाजण्यातील कालाचे अंतर याहून फार वाढले की उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला एकाच तानेचे दोन तुकडे ऐकू येतात. म्हणून संगणक संगीताच्या प्रत्येक अंशावर तो वाजण्याचा क्षण लिहून पाठवतो, स्पीकर आपापली घड्याळे त्याच्याशी सतत मिळवीत राहतात, थोडा साठा हाताशी ठेवतात आणि नेमल्या क्षणीच ध्वनी सोडतात. पखवाजी, गायक आणि सारंगिये आपापल्या वाटेने फिरून एकाच समेवर यावेत, तसे हे आहे. जुन्या तबकड्यांच्या श्रोत्याला येथे एक लाभ अनायासे मिळतो. ७८ फेऱ्यांची मुद्रणे एकवाहिनी असल्याने ओटीवर एक व माजघरात एक स्पीकर ठेवला तरी दोन्हीकडे पूर्ण गाणे मिळते. पुढच्या स्टिरिओ मुद्रणांत मात्र एका बाजूस तबला व दुसरीकडे स्वर अशी फारकत होऊ शकते, तेव्हा प्रत्येक स्पीकरला दोन्ही वाहिन्या मिसळून देण्याची तजवीज करावी.

गाणी उलटसुलट फिरवून लावण्याची जी कळ सर्व यंत्रांत असते ती रागसंगीताच्या संग्रहावर कधीही दाबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सायंकाळी दिवे लागणीला ललत लागला तर त्या रागाचाही अपमान होतो व वेळेचाही. फेरिस्तीत रागाचा प्रहर नोंदवला असेल तर यंत्र हे औचित्य सहज पाळते.

आणि शेवटी एक गोष्ट, जी या किनाऱ्यावर राहणाऱ्यास विशेष मोलाची वाटेल. घरातला संगणक, घरातला राउटर आणि घरातले स्पीकर यांचे परस्परांतील दळणवळण घरापुरते असते. त्यासाठी बाहेरचे इंटरनेट लागत नाही. वादळी रात्री झाड पडून तार तुटली, बाहेरचे जग बंद झाले, तरी इन्व्हर्टरची बॅटरी जोवर टिकते तोवर बालगंधर्व आपल्या घरात गात राहतात. काही स्पीकर मात्र प्रत्येक हुकुमासाठी दूरदेशीच्या यंत्राची सनद मागतात. ते घेऊ नयेत. खरेदीपूर्वी दुकानदारास एवढेच विचारावे की बाहेरचे इंटरनेट बंद असताना माझ्या संगणकातले गाणे यावर वाजेल काय, आणि ते समोर वाजवून दाखवल्याविना पैसे देऊ नयेत.

ज्यांच्या घरी कॅसेटींची पेटी अजून माळ्यावर आहे त्यांना माझी विनंती आहे की ती येत्या मृगाआधी, चैत्र-वैशाखाच्या कोरड्या दिवसांत खाली काढावी, फिती उतरवून घ्याव्या, नावे ज्येष्ठांना विचारून देवनागरीत लिहावी, आणि संग्रहाची एक प्रत घाटावर राहणाऱ्या एखाद्या नातलगाकडे ठेवावी. स्पीकर नंतर केव्हाही घेता येतील. फितीला पुढचा पावसाळा मिळेलच असे नाही.