पानशेतहून मिरजेच्या दर्ग्याकडे

पानशेतच्या धरणावर उभे राहून तानाजीसागराचे विस्तीर्ण, निश्चल पाणी पाहताना, 12 जुलै 1961 रोजी येथलाच मातीचा बांध फुटून खडकवासल्यासह पुण्याच्या नदीकाठच्या पेठांचा विध्वंस झाला, या गोष्टीवर मन सहजी विश्वास ठेवीत नाही. त्या प्रलयाची वर्णने पुष्कळ झाली. परंतु अंबी नदीच्या खोऱ्यातील ज्या कुळांची घरे, शेते आणि देवळे या जलाशयाखाली गेली, त्यांच्या परागंदा होण्याची हकिकत माझ्या वाचनात क्वचितच आली, याचा मला विषाद वाटतो. धरणालगत भेटलेले एक वृद्ध गृहस्थ आपल्या बालपणाची आठवण सांगत होते : "गाव उठलं तवा पखवाज आन् टाळ आधी बांधलं, भांडीकुंडी मागनं."

घर सुटलेल्या माणसाचे संगीत परमुलखात कसे रुजते, हे पाहण्यासाठीच मी मिरजेस निघालो होतो. तेथे ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याचा उरूस होता. पाबे घाटाच्या माथ्यावरून तोरणा आणि राजगड यांचे दर्शन घेऊन वेल्ह्याच्या बाजूस उतरलो आणि नसरापूरपाशी महामार्गाला लागलो. पुढला खंबाटकी, सातारा, कराड हा मार्ग वाचकांच्या परिचयाचा आहे.

मिरज ही पटवर्धनांच्या संस्थानाची नगरी. येथील शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्याचा व्यवसाय स्वीकारला आणि त्यांच्या वंशजांच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. सतारमेकर गल्लीत भोपळे वाळत पडलेले असतात आणि जवारी लावणारा कारागीर तारेला कान देऊन बसलेला असतो.

याच नगरीत उत्तर हिंदुस्थानातील कैराना गावचे अब्दुल करीम खाँ बडोद्याचा दरबार सोडून येऊन स्थिरावले. 1913 साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. मुसलमान उस्तादाने हिंदू शिष्यांना घरच्यासारखे सांभाळून विद्या द्यावी, हे त्या काळी सामान्य नव्हते. कुंदगोळहून आलेले कानडी शिष्य रामभाऊ पुढे सवाई गंधर्व झाले, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी, तेही धारवाडकडचेच, गुरुस्मरणार्थ 1953 साली पुण्यात महोत्सव आरंभिला. महाराष्ट्राने ज्याला आपले संगीत म्हणून हृदयाशी धरले, त्याचा केवढा मोठा अंश परप्रांतीयांच्या हातून घडला आहे! खाँसाहेब उरुसात दर्ग्यापुढे गाऊन हजेरी देत. 27 ऑक्टोबर 1937 रोजी मद्रासनजीक सिंगपेरुमाळ कोईल स्थानकावर त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचा देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारातच दफन करण्यात आला. तेव्हापासून त्यांच्या स्मरणार्थ तेथे गायनाची सभा भरते.

मी पोचलो तेव्हा रात्र झाली होती. या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाकडून चढतो, ही वहिवाट मला त्या दर्ग्याच्या कोणत्याही सनदेहून श्रेष्ठ वाटते. चिंचेच्या झाडाखाली बिछायत पसरली होती. तीवर वाद्यकारांची मुले, पेठेतील ब्राह्मण कुटुंबे, कर्नाटकाच्या हद्दीतून आलेले कानडी रसिक, डोक्यावर पदर घेतलेल्या वृद्धा, सारे जसे आले तसे बसले होते. कोणी कोणास स्थान विचारीत नव्हते. एका तरुण गायिकेने विलंबित ख्याल आरंभिला आणि एकेका स्वराची ती खाँसाहेबांच्या किराणा पद्धतीची संथ बढत ऐकताना, तो स्वर कोणत्या प्रांतातून आला याचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. जेथे माणसांना एकमेकांपासून दूर सारण्याची भाषा वाढत चालली आहे, तेथे अशा सभा टिकविणे हे नगरपालिकेपासून सामान्य श्रोत्यापर्यंत प्रत्येकाचे कर्तव्य आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणतो.

ही सभा सर्वांस खुली असते. मुंबई-पुण्याच्या ज्या रसिकांना किराणा गायकी प्रिय आहे, त्यांनी येत्या उरुसाला मिरजेची गाडी धरावी आणि त्या चिंचेखाली बिछायतीवर बसून एक रात्र ऐकावे, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.