बरोबर बेरीज, चूक तक्ता

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. प्रश्न तिसरा, बारा गुणांचा, मिळाले तीन. तक्त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ आणि शेजारी दोन शब्द : उत्तर चूक. उत्तर चूक नव्हतं. हे मी २०११ साली सांगत होतो आणि आजही सांगतो.

एम.एस्सी. संख्याशास्त्राचं शेवटचं सत्र होतं. शहर तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. कॉलेजचं नाव लिहीत नाही. वडील कन्नड तालुक्यात शेती करायचे, मी सिडकोत खोली करून राहायचो, पार्श्वभूमी एवढीच. ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे ओ.आर., हा माझा सगळ्यात आवडीचा पेपर. बाकी विषयांत प्रमेयं सिद्ध करायची. इथं माल किती, गाड्या किती, पैसा किती हे दिलेलं असायचं आणि कमीत कमी खर्चात काम कसं होईल ते काढायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटनमध्ये रडार आणि पाणबुड्यांच्या प्रश्नांवर शास्त्रज्ञांना बसवलं गेलं, लष्करी मोहिमांचा अभ्यास म्हणून विषयाला हे नाव पडलं. १९४७ साली जॉर्ज डान्ट्झिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत दिली आणि मग कारखाने, रेल्वे, विमान कंपन्या, सगळीकडे तो पसरला. कांती स्वरूप, गुप्ता आणि मन मोहन यांचं जाडजूड पुस्तक मी दोनदा पुरतं सोडवलं होतं.

तिसरा प्रश्न वाहतुकीचा होता. तीन कारखाने, चार बाजारपेठा, कुठून कुठे किती माल पाठवायचा. पण माझ्या बाबतीत काय झालं ते कळायला छोटं उदाहरण पुरे.

समजा, दोन विहिरी आहेत आणि दोन तहानलेली गावं. पहिल्या विहिरीवरून टँकरच्या तीन खेपा निघू शकतात, दुसरीवरून पाच. दोन्ही गावांना चार-चार खेपा हव्यात. पहिल्या विहिरीवरून एक खेप पहिल्या गावाला ८०० रुपयांना पडते, दुसऱ्या गावाला ६००. दुसऱ्या विहिरीवरून हेच दर ७०० आणि ५००. आता पहिल्या विहिरीच्या तिन्ही खेपा पहिल्या गावाला द्या, दुसरीवरून एक पहिल्या गावाला आणि चार दुसऱ्या गावाला. खर्च ५,१००. किंवा पहिल्या विहिरीच्या तिन्ही खेपा दुसऱ्या गावाला द्या, दुसरीवरून चार पहिल्या गावाला आणि एक दुसऱ्याला. खर्च पुन्हा ५,१००. याहून कमी होतच नाही. वाटप वेगळं, खर्च तोच, दोन्ही उत्तरं बरोबर. तक्त्याची शेवटची तपासणी करताना रिकाम्या चौकटीत शून्य आलं की समजायचं, दुसरंही तितकंच चांगलं उत्तर आहे. पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. माझ्या उत्तरपत्रिकेत ते शून्य आलं होतं आणि मी त्याला पेन्सिलीने गोल केला होता. झेरॉक्समध्येही तो गोल फिकट दिसतो.

निकाल लागल्यावर मी हा विषय शिकवणाऱ्या सरांना भेटलो. त्यांनी मॉडेल आन्सरचा कागद काढला. त्यावर एकूण खर्च १,८६०. माझाही १,८६०. मला वाटलं, आता संपलं, सरांच्या लक्षात येईल. सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तक्ता वेगळा आणि बेरीज मात्र आपल्यासारखी. ही बेरीज कोणाची पाहिलीस?"

मला काही बोलताच येईना. चूक ठरवलं असतं तर मी भांडलो असतो. इथं बरोबर आलेली बेरीजच चोरीचा पुरावा झाली होती. मी म्हणालो, "सर, दोन उत्तरं असू शकतात, तुम्हीच शिकवलंय." ते म्हणाले, "असू शकतात, पण पेपरात एकच असतं." मी म्हटलं, माझ्या तक्त्यातले आकडे गुणून बघा, बेरीज तेवढीच येते, दोन मिनिटांचं काम आहे. सर म्हणाले, फेरतपासणीचा अर्ज कर. शिपाई दाराशी उभा होता, वर्गातली दोन मुलं मागे सह्यांसाठी थांबली होती. त्या दोघांनी ते ऐकलं. त्यांतला एक आजही भेटला की माझी नजर आधी खाली जाते, मी काही केलेलं नसताना.

फेरतपासणीची फी भरली. उत्तर आलं : गुणांत बदल नाही. चौकशी केल्यावर कळलं की पुन्हा तपासताना गुणांची बेरीज आणि न तपासलेले प्रश्न एवढंच बघतात. तपासलेलं पुन्हा तपासत नाहीत. मग फी कशाची घेतात? आकडेमोड तपासणारी यंत्रणा आणि उत्तर तपासणारी यंत्रणा यांत फरक असतो हे विद्यार्थ्याला आधी सांगायला हवं. मला एकूण ५९ टक्के आणि काही अंश मिळाले. कॉलेजात मुलाखतींना आलेल्या कंपनीची अट होती ६० टक्क्यांची.

वाळूजला एका लहान कारखान्यात पीपीसीमध्ये लागलो, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये. वाळूजमध्ये १९८५ साली बजाजचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती सुटे भाग करणाऱ्या कितीतरी कंपन्या वाढल्या. आमची त्यांच्यासारखीच एक. रोजचं शेड्यूल लावायचं, डिस्पॅच बघायचा, गिऱ्हाईकाची लाइन आपल्यामुळे थांबू द्यायची नाही. ओ.आर. हा शब्द तिथं कोणी उच्चारत नाही. पण पत्र्याच्या पट्टीतून तुकडे कमीत कमी भंगार जाईल असे कसे कापायचे, स्टोअरमध्ये किती माल ठेवायचा, कुठलं जॉब कुठल्या मशीनवर आधी टाकायचं, हे सगळं त्याच पुस्तकातलं आहे.

दीडेक वर्षाने कामगारांच्या बसचं काम माझ्याकडे आलं. भाड्याच्या सात बस, सात रूट. रिकामे किलोमीटर कमीत कमी पडतील अशी कोणती बस कोणत्या रूटवर लावायची? हा नेमणुकीचा प्रश्न. त्याची हंगेरियन पद्धत हॅरॉल्ड कून यांनी १९५५ साली मांडली आणि दोन हंगेरियन गणितज्ञांच्या कामावरून तिला नाव दिलं. मी एक्सेलच्या सॉल्व्हरवर उत्तर काढलं. सॉल्व्हर एकच उत्तर देऊन थांबतो, दुसरं आहे का हे आपण शोधायचं असतं. सवयीने शोधलं, तर सापडलं. दोन गाड्या एकाच मालकाच्या, एकाच जागेवरून निघणाऱ्या. त्यांची अदलाबदल केली तरी किलोमीटर तेवढेच. दोन्ही कागद घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब आयटीआय झालेले, तीस वर्षं शॉपफ्लोअरवर काढलेले. मी जरा अभिमानाने सांगितलं, "साहेब, ही दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही सारखीच."

त्यांनी कागद पाहिले. "ड्रायव्हर कुठले आहेत दोघं?"

ती माहिती माझ्या तक्त्यात नव्हती. एक बिडकीनचा, एक चिकलठाण्याचा. रूटही एक बिडकीनचा, एक चिकलठाण्याचा. दुसरी पाळी सोडून बस शेवटच्या थांब्यावर रात्रभर उभी राहायची, सकाळी तिथूनच पहिली पाळी उचलायची.

"मग हे सारखं कसं रे? एका कागदात माणूस घरी झोपतो, दुसऱ्यात गाडीत."

मी बिडकीनच्या ड्रायव्हरला बिडकीनचा रूट दिला. पण ते वाक्य मला कित्येक दिवस पुरलं. दोन उत्तरं सारखी आहेत असं मी वर्षभर छातीठोकपणे सांगत फिरत होतो, आणि इथं ती सारखी नव्हती. मी जे मोजलं नव्हतं त्यामुळे ती सारखी दिसत होती. तेव्हापासून बरोबरी आली की मी पहिल्यांदा शोधतो, काय मोजायचं राहिलं. टँकरच्या उदाहरणातही तसंच. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या गावाचा रस्ता पावसात बंद पडतो, हे त्या चार दरांत नाही. मग मनात यायचं, एकच उत्तर असतं असं म्हणणारे सर बरोबर होते की काय? नाही. त्यांच्या पेपरात फक्त रुपये दिले होते. रुपयांत माझं उत्तर त्यांच्याइतकंच बरोबर होतं, आणि चोरीचा आरोप करायला तेवढंही कारण नव्हतं.

आता गावाकडची मुलं विचारतात, हा विषय घ्यावा का. घ्या. फक्त ओ.आर. या नावाची जागा जाहिरातीत शोधू नका. प्लॅनिंग, सप्लाय चेन, लॉजिस्टिक्स, ॲनालिटिक्स या नावांनी शोधा. शेंद्रा आणि वाळूजमध्ये प्लॅनिंगचं काम मिळतं, ॲनालिटिक्ससाठी पुणे, हैदराबाद, बंगळूर गाठावं लागतं. सरकारी वाट हवी असेल तर भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेत हा विषय आहे. पुढं शिकायचं तर मुंबईच्या आयआयटीत आणि दिल्ली विद्यापीठात यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. सिम्प्लेक्सचा तक्ता हाताने एकदा सोडवा, समजेपर्यंत. तीस वेळा नको. तो वेळ पायथनला द्या. आणि नरेंद्र करमरकर यांचं नाव वाचा. ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, मुंबई आयआयटीचे, १९८४ साली बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी सिम्प्लेक्ससारखं कडेकडेने न जाता आतून वाट काढणारी पद्धत दिली, आणि जगभर त्यावर काम सुरू झालं. आमच्या वर्गात दोन वर्षांत त्यांचं नाव एकदाही आलं नाही. मला ते नोकरीत लागल्यावर कळलं, याचं अजून वाईट वाटतं.

ओ.आर.चा पेपर काढणाऱ्यांना एक विनंती आहे. मॉडेल आन्सरच्या तक्त्याखाली एवढी एक ओळ लिहा : एकूण खर्च इतका येत असेल, तर नियमात बसणारा कोणताही तक्ता ग्राह्य धरावा. आणि तक्ता वेगळा दिसला तर लाल पेन उचलण्याआधी त्यातले आकडे गुणून बघा. दोन मिनिटं लागतात.