लघुशंका

आपल्या भाषेने या देहधर्माला ‘लघुशंका’ असे सभ्य नाव देऊन ठेवले आहे. तरुणपणी ती शंका खरोखरच लघु असते. आली, उठलो, फिटली. पंचाहत्तरी उलटली म्हणजे मात्र तिचे लघुत्व संपते. वृद्धाश्रमात तर माणसाची सारी दिनचर्या, आणि पुष्कळ अंशी त्याची अब्रू, तिच्यावर टांगलेली असते.

ज्यांनी मला शेक्सपिअर शिकविला ते माझे सर गेली दोन वर्षे अशा एका आश्रमात राहतात. मध्यंतरी माझ्या ध्यानात आले की, चहा पुढे आला की ते कप हळूच बाजूला सारतात. एवढा चहाचा षोकी मनुष्य! पुष्कळ आडवळणे घेतल्यावर म्हणाले, “अरे, पोटात गेले ते बाहेर येणारच. मावशींना हाक मारायची तरी कितीदा? त्या एकट्या, आम्ही अठराजण.” सरांचे गुडघे धरलेले, खाटेपासून न्हाणीघरापर्यंतची पंधरा पावले आधारावाचून त्यांच्याने होत नाहीत. मावशी येईपर्यंत व्हावयाचे ते होऊन जाई. अखेर त्यांना डायपर बांधण्यात आले आणि नोंदवहीत ‘लघवीवर ताबा नाही’ असा शेरा पडला.

हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. वयाबरोबर मूत्राशयाचा स्नायू उतावळा होतो. रात्री मूत्र अधिक साचते. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट अडविते. रक्तदाबावरच्या काही गोळ्या आणखी भर घालतात. हे सारे खरे. परंतु ज्याला निकड कळते, सांगता येते आणि केवळ वेळेवर पोचता येत नाही, त्याचा ताबा गेला असे कसे म्हणावे? पाणी तोडणे हा तर उफराटा उपाय. मूत्र दाट झाले की मूत्राशय अधिकच चिडतो, आणि मलावरोध झाला तर विचारूच नका.

अमेरिकेतील शुश्रूषागृहांत जॉन श्नेल व त्यांचे सहकारी यांनी केलेला एक प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध झाला. तो आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. ठरल्या वेळी सेविकेने स्वतः होऊन जावयाचे आणि विचारावयाचे, ‘कोरडे आहात ना? जाऊन यायचे का?’ हो म्हटल्यास न्यावयाचे, आणि कोरडे राहिल्याबद्दल दोन शब्द कौतुकाचे बोलावयाचे. औषध नाही, नळी नाही. तेवढ्याने ओले होण्याचे प्रसंग चांगलेच घटले. सर्वांनाच गुण येतो असे नाही. ज्यांना यावयाचा त्यांना तो बहुधा दोन-तीन दिवसांतच दिसू लागतो. मात्र पुढील अनुभव असा की, संशोधक निघून गेले म्हणजे हा क्रम पुष्कळ ठिकाणी ढासळतो, कारण हात अपुरे. डायपरला पगार द्यावा लागत नाही, हेच त्याचे खरे शास्त्र!

आपल्याकडे २००७ च्या कायद्याने दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांच्या निवासाची कल्पना मांडली. खाटा मोजता येतात, म्हणून त्या मोजल्या जातात.

परवा एका स्नेह्यांच्या मातोश्रींसाठी दुसरा एक आश्रम पाहावयास गेलो होतो. बाग सुरेख, देवघर संगमरवरी. प्रत्येक खाटेशी घंटेचे बटण होते. व्यवस्थापकांनी ते अभिमानाने दाबून दाखविले. रात्री ते वाजले म्हणजे कोण येते, असे मी विचारले. त्यांनी वही उघडली, बोट फिरविले आणि म्हणाले, “दोघीजणी असतात. चाळीस खाटांना.”