चिखलीचे झाले 'च' आणि 'खल'

हंगामात आमच्या अडतीवर शेतकऱ्यांचे मेसेज पडत राहतात. "नमस्कार भाऊ, उद्या चिखलीहून सोयाबीन १२ क्विंटल येते." ते वहीत उतरवायचं काम मुनीम म्हणून माझं. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, पायथॉन शिका, तो आकडे काढून देईल." चष्मा पुसून बसलो शिकायला.

पहिल्याच दिवशी अडलो. 'आधी अंक, मग क्विंटल' असा नमुना लिहिला, 'मॅच' लावलं आणि आलेल्या उत्तराकडे 'ग्रुप' मागितला. तांबड्या अक्षरांत एरर: 'ननटाइप'जवळ 'ग्रुप' नाही. तासभर मी स्पेलिंगच तपासत होतो. रात्री कळलं, 'मॅच' मजकुराच्या अगदी सुरुवातीलाच बघतं, आणि आमच्याकडे सुरुवातीला नमस्कार असतो! काही सापडलं नाही तर हाती 'नन' येतं. त्याच्याकडे काय मागणार?

'सर्च' लावल्यावर जमलं. तरी हाती आकडा आला नाही, आकड्याची पावती आली. तिच्याकडे 'ग्रुप शून्य' मागितला की '१२ क्विंटल' अख्खं मिळतं, 'ग्रुप एक' मागितला की नमुन्यात कंसात घातलेले नुसते '१२'. देवनागरी १२ त्याला चालले, बेरीजसुद्धा झाली. मी खूश.

मग आला तालुका; माल कुठला, तेही वहीत लागतं. 'बॅकस्लॅश डब्ल्यू' म्हणजे अक्षर, असं वाचलं होतं. त्यापुढे अधिकचं चिन्ह टाकलं आणि 'फाइंडऑल'ला 'चिखली' दिली. यादी आली: 'च', 'खल'. शेगाव दिलं तर 'श', 'ग', 'व'. नांदुऱ्याचे 'न', 'द', 'र'. काय राजेहो, हे गावं वाचतंय की गिळतंय? कीबोर्ड बदलला, फॉन्ट बदलला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

दोष फॉन्टचा नव्हताच. युनिकोडमध्ये मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, अक्षराला चिकटणारी चिन्हं आहेत; आणि पायथॉनचं नमुने शोधणारं 'आरई' त्यांना 'डब्ल्यू'त धरत नाही. जिथे मात्रा, तिथे शब्द तुटतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या 13 तालुक्यांपैकी एकाचंही नाव यातून धड सुटत नाही. मेहकरही 'म', 'हकर' होतं. संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालमधलं 'वरवट' तेवढं शाबूत राहिलं, कारण त्याला कानामात्रा नाही.

शेवटी मुनिमाचाच उपाय केला. तेराही नावं उभ्या रेघा मारून एकापुढे एक लिहिली आणि 'सर्च'ला सांगितलं, यांतलं कोणतं सापडतं ते बघ. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'नन'. मेसेज बघितला: 'बुलडाणा'. माझ्या यादीत 'बुलढाणा'. पाट्यांवरही दोन्ही दिसतात, दोष कुणाला देणार? ड आणि ढ चौकटी कंसात घालून दोन्ही चालवून घेतले.

सिंदखेड राजा मात्र कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून. माल पाठवणाऱ्यांनो, मधे जागा सोडत चला.