कच्चा लिंबू

पाचवीच्या वर्गात एका मुलाने वर्तमानपत्राचा तुकडा आणला होता. त्यावर हिरव्यागार मैदानात वाकून उभा असलेला एक माणूस, हातात लांब काठी. "सर, ये कौनसा खेल है?" आम्ही फळ्यावर चित्र काढले. जमिनीत लहानसे भोक, एक चेंडू, एक काठी. कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा, अशी अठरा भोके झाली की खेळ पुरा. मागच्या बाकावरून आवाज आला, "ये तो गिल्ली-दंडाच है सर!"

त्या 'च'वर आम्ही खूश झालो. पुस्तकी उर्दूत हा 'च' नाही. आमच्या दखनीने तो मराठीकडून घेतला आणि इतका मुरवला, की तो पाहुणा आहे असे अम्मीला सांगितले तर ती हसेल. मुलाचे म्हणणेही टाकाऊ नव्हते. खळगा, काठी आणि मारायची वस्तू, तिन्ही आहेत. गोल्फमध्ये वस्तू खळग्यात जाते, आपल्याकडे खळग्यावरून निघते, इतकेच. बाकी फरक पैशाचा. बीडकराला गोल्फ दिसतो तो टीव्हीवर. तरी मुलांना अली शेरची गोष्ट सांगितली. दिल्ली गोल्फ क्लबवर दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा हा मुलगा पुढे खेळाडू झाला आणि १९९१ व १९९३ अशी दोनदा इंडियन ओपन स्पर्धा जिंकला. वर्ग एकदम शांत झाला.

विटी-दांडूला बाभळीची फांदी आणि कोयता एवढे पुरते. आमच्या गल्लीत मोजणी चाले ती अशी: वकट, लेंड, मूंड, नाल, आरी, डोळा, झकू. विटी जिथे पडेल तिथून गलीपर्यंत दांडूने मोजत यायचे, आणि शेवटचा दांडू ज्या शब्दावर संपेल त्या पद्धतीने पुढचा टोला मारायचा. वकटला विटी पायाच्या पंजावर ठेवायची, डोळ्याला डोळ्यावर. लहानपणी हे शब्द मंत्रासारखे म्हटले, अर्थ कोणी विचारला नाही. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. हे कळल्यावर आम्ही कितीतरी वेळ एकटेच मोजत बसलो होतो. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते हे खरे, पण श्रेय निजामाला देता येत नाही. हेच आकडे पुण्याकडची पोरेही मोजत. संध्याकाळी गल्लीत उर्दू शाळेतले आम्ही आणि जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतला शेजारचा आमचा दोस्त, दोघे मिळून तेलुगूत भांडत होतो म्हणायचे!

हा दोस्त सातवीनंतर शाळेत गेला नाही. आता तो ऊसतोडीला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर कारखान्यावर निघायचे. परतायचे उन्हाळ्याच्या तोंडाशी. आमचे बी.एड. झाले, नोकरीची ऑर्डर आली, आणि त्याच आठवड्यापासून तो आम्हाला 'सर' म्हणू लागला. 'तू'चे 'तुम्ही' झाले. आम्ही दोन-तीनदा हटकले. तो नुसता हसायचा.

मागच्या मे महिन्यात त्याची दोन पोरे आणि आमची मुलगी नदीकाठच्या पडीक रानात खेळत होती. बिंदुसरेला थेंब पाणी नव्हते. पोरांनी आम्हा दोघांनाही ओढले. पहिला डाव आमचा. कोलली तेव्हा विटी चार पावलेसुद्धा गेली नाही. गलीवर दांडू आडवा ठेवला, त्याने तिथून विटी फेकली, आणि ती दांडूच्या वीतभर बाजूने गेली. चार पावलांवरून! मग वकट आला. पंजावरची विटी उडाली ती सरळ आमच्याच घोट्यावर. पोरे खो खो हसली. दुसऱ्या वेळी दांडू नुसता हवेत फिरला. तिसऱ्यांदा मात्र विटी बरोबर मधोमध लागली. ज्याच्या हातून कधी असा टोला बसला आहे त्याला तो आवाज सांगायला नको; हाताला काहीच लागल्यासारखे वाटत नाही. विटी बाभळीच्या शेंड्याएवढी वर गेली आणि अगदी सावकाश दोस्ताच्या ओंजळीत उतरली. ओंजळ उघडली. विटी खाली.

"झेल का सोडलास?"

"निसटला, सर."

उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाच्या हातून चार बोटांची विटी निसटते!

उर्दू वाचणाऱ्याला इथे प्रेमचंदांची 'गिल्ली-डंडा' ही कथा आठवल्याशिवाय राहत नाही. मोठ्या हुद्द्यावरचा माणूस गावी येतो, बालपणीच्या गरीब सवंगड्याशी खेळतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा खरा खेळ पाहिल्यावर त्याला कळते, की काल सवंगडी खेळलाच नव्हता, याला नुसता खेळवत होता. आमचा हुद्दा तो काय! पण रानात, उन्हात, आपल्याच पोरीसमोर आपल्याला कोणी खेळवत आहे हे फार लागते.

गोल्फवाल्यांनी ही गोष्ट चांगली सोडवली आहे. हौशी खेळाडूच्या आधीच्या खेळांवरून त्याचा एक आकडा ठरतो, त्याला हँडिकॅप म्हणतात. त्या हिशोबाने त्याला फटक्यांची सूट मिळते. २०२० पासून जगभर याची एकच पद्धत आहे आणि आकडा जास्तीत जास्त ५४. कच्चा आणि पक्का एकाच मैदानात खेळतात, आणि कोणाला किती सूट आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. आपल्या पोरांनाही हे कळत होते. लहान भावाला खेळात घ्यायचे तर आधी ओरडून सांगायचे, "हा कच्चा लिंबू!" मग तो बाद झाला तरी बाद नाही. त्यात त्याचाही अपमान नव्हता, कारण चोरून काही नव्हते.

आम्ही दांडू टेकवून म्हणालो, "आम्हाला कच्चा लिंबू धरायचं असेल तर डाव सुरू व्हायच्या आधी सांगायचं."

तो जरा वेळ नदीकडे बघत राहिला. मग पोरांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बरं. तुला तीन टोले जादा. चालंल?"

'तुला' म्हणाला. आम्ही काही बोललो नाही, बोललो असतो तर बिघडले असते.

पुढच्याच टोल्याला त्याने एका हाताने झेल घेतला. आम्ही बाद. जादा टोल्यातले दोन वापरले, एक लेंडवर वाया गेला, एकाने बरे अंतर मिळाले. तिसराही गेला. नंतर त्याचा डाव. पहिलाच टोला नदीच्या पात्रापलीकडे. पोरे मोजत निघाली, त्याची दोन मोठ्याने आणि आमची त्यांच्या मागून, वकट लेंड मूंड नाल, आणि दांडू पुनःपुन्हा झकूवर येऊन वकटपासून सुरू होत होता. मगरीबची अजान झाली तेव्हाही तो खेळतच होता. विटी दिसेनाशी झाली म्हणून थांबलो.

दिवाळीनंतर टोळी कारखान्यावर गेली. दांडू आमच्या घरी दाराआड उभा आहे. त्याचा डाव अजून संपलेला नाही आणि राज्य आमच्यावर आहे.