एकलहऱ्याचे क्वार्टर आणि मामांचा प्रश्न

मागच्या रविवारी मामांना घेऊन एकलहऱ्याला गेलो. बरेच दिवस त्यांचे चालले होते, "एकदा क्वार्टर बघून येऊ. नंतर माझ्याने होणार नाही." नाशिकरोडहून बसने निघालो. या रस्त्याला आधी चिमण्या दिसतात, मग गाव. मामांची नजर आता अधू झाली आहे, पण चिमणी दिसताच ते सरसावून बसले आणि धूर कोणत्या बाजूला जातो ते पाहू लागले. बत्तीस वर्षांची सवय.

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राबद्दल नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. गोदावरीच्या काठी १९७० आणि १९७१ साली १४० मेगावॉटचे दोन संच सुरू झाले. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच आले. पहिले दोन आता कायमचे बंद झाले आहेत. खेड्यापाड्यांतली भूमिहीन पोरे त्या काळी मंडळात लागली, त्यांत मामाही होते. १९७४ साली कोळसा खात्यात लागले. मालगाडीची वॅगन उलटी करायची, कोळसा पट्ट्यावर सोडायचा, पट्टा अडला की फावडे घेऊन खाली उतरायचे. घरी आल्यावर नाक शिंकरले तरी काळे. पण क्वार्टर होते. नळाला पाणी होते, दवाखाना होता, मुलांना शाळा होती. गावात ज्या विहिरीवर मामांच्या आईला ताटकळत उभे राहावे लागे, त्या गावातून येऊन मामीने स्वतःच्या मोरीत नळ सोडला, तेव्हा ती नुसती पाण्याकडे बघत बसली होती म्हणे.

२००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले आणि नियमाप्रमाणे क्वार्टर सोडले. त्यात कोणाचा दोष नाही. क्वार्टर नोकरीचे असते, नोकरी संपली की किल्ली परत द्यायची. पण मला त्या दिवशी वसाहतीतून फिरताना एक गोष्ट नव्याने जाणवली. दवाखाना, किराणा, शेजारपाजार, झाडाखालचा पार, सगळे दहा मिनिटांच्या चालण्यात. अंगात बळ असते तेव्हा माणसाला हे सगळे मिळते. गुडघे गेले, डोळे गेले आणि याची खरी गरज लागली, की नेमके तेव्हाच ते सोडून जावे लागते.

क्वार्टरला कुलूप होते. भिंतीच्या फटीतून पिंपळाचे रोपटे वर आलेले. मामीने लावलेला कडुनिंब मात्र दुमजली झाला आहे. मामा खोडाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. मी म्हणालो, "मामा, दम लागला असेल, बसा थोडं." ते म्हणाले, "दम नाही रे, तुझ्या मामीला काय सांगायचं ते बघून घेतोय."

मामी पिंपरीला असते. २०२२ साली तिच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली आणि बोलणे अडखळले. गावाकडे दवाखाना लांब, म्हणून धाकट्या मुलाने तिला पुण्याकडे नेले. त्याचे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. माणसे चार, त्यात मामीची खाट. मामांना झोपायला जागा उरली नाही, म्हणून ते नाशिकरोडला मुलीकडे. अठ्ठेचाळीस वर्षे संसार केलेली दोन माणसे आता दोन-तीन महिन्यांतून एकदा भेटतात. कोणी दुष्ट नाही. सून तर इतकी भली, की तिने धुणीभांड्याची दोन घरे सोडली आणि सासूची कूस बदलत घरी बसली. घरात तेवढी मिळकत कमी झाली, हे कोणी बोलत नाही.

आम्ही वृद्धाश्रम बघितले नाहीत असे नाही. एका ठिकाणी म्हणाले, बाबा चालते-फिरते आहेत, त्यांना घेऊ, आईंना नाही. झोपून असलेले पेशंट आम्ही ठेवत नाही. दुसरे ठिकाण आजाऱ्यांचेच होते. ते म्हणाले, आईंना घेतो, पण बाबा आजारी नाहीत, त्यांना कसे ठेवणार? तिथून बाहेर पडताना मामा मला म्हणाले, "तिच्या शेजारी झोपायला मला आता आजारी पडावं लागंल का?" मी सतरा अर्ज लिहून देणारा कारकून, पण त्या प्रश्नावर मला काही लिहिता आले नाही.

तिसऱ्या एका ठिकाणी आडनाव विचारून जागा नाही म्हणाले. त्यावर वेगळे लिहावे लागेल.

धडधाकट म्हाताऱ्यांची घरे आणि अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा एकाच आवारात असावी, ही कल्पना काही नवी नाही. डेन्मार्कसारख्या देशाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या पद्धतीची शुश्रूषागृहे बांधणेच थांबवले आणि राहते घर व सेवा यांची जोड घालायला घेतली. आपल्याकडे नेरळला, माथेरानच्या पायथ्याशी, मुंबईच्या डिग्निटी फाउंडेशनने अशी वसाहत उभी केली. हातपाय चालतात त्यांची घरे, मदत लागते त्यांची सोय आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभाल, सगळे एका आवारात. पुण्यात अथश्री नावाने फक्त ज्येष्ठांसाठी इमारती झाल्या. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या घरांसाठी नियम काढले: लिफ्ट हवी, घरात पायऱ्या नकोत, चाकाची खुर्ची जाईल इतका, म्हणजे ९०० मिलिमीटरचा दरवाजा हवा. सगळे उत्तम. पण पैसा फ्लॅटच्या भावाचा. आपल्या माणसाचा फंड मुलीचे लग्न, मुलाची फी आणि गावच्या घराचे पत्रे यांतच गेलेला असतो. पेन्शन म्हणावी, तर १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची ईपीएस. तिची किमान रक्कम २०१४ साली १००० रुपये केली. मामांना दीड हजाराच्या आसपास मिळतात.

सरकारचे काय? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे १९ वे कलम सांगते, की राज्य सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम काढावा, निदान १५० निराधारांचा. मूळ इंग्रजीत शब्द 'शॅल' नाही, 'मे' आहे. कारकुनाला या दोन शब्दांतला फरक चांगला कळतो. शिवाय त्यात बसायला निराधार असावे लागते. मामा निराधार नाहीत, दीड हजाराचे पेन्शनर आहेत! केंद्राच्या अनुदान योजनेत चालत्या-फिरत्या वृद्धांचे निवास वेगळ्या बाबीत आणि सतत शुश्रूषा लागणाऱ्या आजाऱ्यांची गृहे वेगळ्या बाबीत आहेत. कागदावरच नवरा-बायकोची ताटातूट झालेली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्यांना पाच लाखांच्या उपचाराचे कार्ड मिळू लागले, त्याचे स्वागत आहे. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचे. घरी आणल्यावर दोन-दोन तासांनी कूस कोण बदलणार, ते त्या कार्डात येत नाही.

कडुनिंबाखाली बसून मामांनीच हिशेबाला तोंड फोडले. म्हणाले, "प्लांट चोवीस तास चालवायला किती माणसं लागतात? तीन पाळ्यांना तीन आणि सुट्टीवाल्याच्या जागी चौथा. एका जागेला चार." मी खिशातून बसचे तिकीट काढून त्याच्या पाठीवर मांडत गेलो. आया किंवा मदतनीस म्हणून चार माणसे, पगार प्रत्येकी १५,००० धरला. तो कमी धरायचा नाही हे मामांनी बजावले, कारण शहरात हे काम करणाऱ्या पुष्कळ बाया आपल्याच वस्तीतल्या असतात. महिन्याला झाले ६०,०००. एका मामीसाठी हे कोणत्याही कामगाराच्या घराला झेपणारे नाही. पण त्याच चार माणसांनी सहा खाटा सांभाळल्या तर खाटेमागे १०,०००. मामांनी लगेच हरकत घेतली, "एकटी बाई सहा जणांना उचलंल का? दिवसाला दुसरा हात लागंल." मग स्वतःच म्हणाले, "भरवायला, पाणी पाजायला, गप्पा मारायला आम्ही म्हातारे आहोत की. आवार एक असलं तर." उचलायला मात्र पगारी माणूसच हवा, म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांना उचलू नये, असे माझे मत आहे.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न तसाच राहिला. तेव्हा मला त्रिरश्मीची आठवण झाली.

वस्तीतल्या मुलांना घेऊन मी दर वर्षी त्रिरश्मी लेण्यांवर जातो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडात तो वाचायला मिळतो. त्याने नुसते लेणे देऊन हात झटकले नाहीत. गोवर्धन, म्हणजे नाशिकजवळच्याच गावातल्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले, व्याज महिना शेकडा एक. वर्षाला होतात २४०. वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, २४०! पैचा फरक नाही. आणखी १००० दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने, किरकोळ खर्चासाठी. मुद्दल काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, हेही कोरून ठेवले. बी.कॉम.ला शिकवले तेच.

त्याच लेण्यात आणखी एक लेख आहे, तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा. तो विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेचा. तिने ठेवी ठेवल्या कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे. कशासाठी? विहारात राहणाऱ्या भिक्खूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी. म्हणजे राहण्याची जागा, वस्त्र आणि आजारपणाचे औषध, सगळे एकाच डोंगरावर. आजारी पडला म्हणून भिक्खूला खाली गावात पाठवायचे नाही. आणि ठेव सांभाळणारे कोण, तर कोष्टी, कुंभार, तेली. हाताने काम करणारे लोक. मामांना 'पाण्याची यंत्रे करणारे' फार आवडले. "म्हणजे आमच्यातलेच," म्हणाले.

तसाच हिशेब आम्ही पुढे नेला. वर्षाचे पगार ७ लाख २० हजार. व्याज ७ टक्के धरले तर ठेव लागते १ कोटी ३ लाखांच्या घरात. आकडा ऐकून मामा हसले. पण २०० निवृत्त कामगार धरले, तर माणशी साधारण ५१ हजार. निवृत्तीच्या दिवशी फंड हातात येतो तेव्हा ५१ हजार बाजूला काढणे अवघड नाही; दहा वर्षांनी ते अशक्य असते. यात त्रुटी आहेत, त्या लपवीत नाही. सगळे व्याज खर्च केले तर महागाईने ठेव झिजेल, म्हणून ठेव याहून मोठी हवी. जेवण, औषध, वीज यांत धरलेले नाही. ते ज्याच्या त्याच्या पेन्शनमधून आणि मुलांनी मिळून भरावे लागेल. आणि जागा तर पूर्ण बाहेरची बाब आहे. पंचवीस-तीस खोल्या आणि सहा खाटांचा एक कक्ष मावेल एवढी जागा ट्रस्टने मागायची की विकत घ्यायची, यावर आमच्यात वाद आहे. विहारासाठी जागा आहे तिथे वरचा मजला बांधू, असे काही जण म्हणतात. जिन्याचे काय, असे मी विचारले.

खरी अडचण पैशाआधीची आहे. मामांनी ती एका वाक्यात सांगितली, "लोक म्हणतील, पोरांनी आश्रमात टाकलं." गावात हे शब्द फार लागतात. मी म्हणालो, "मामा, तुम्ही बत्तीस वर्षं कॉलनीत राहिलात, तेव्हा कोणी म्हणालं का कॉलनीत टाकलं?" त्यावर ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने विचारले, "तिथं सुकट मिळंल ना? मी ऐकलंय, असल्या ठिकाणी नुसतं वरण-भात देतात." बऱ्याच ठिकाणी शाकाहारीच स्वयंपाक असतो हे खरे आहे. मी सुकटीचा शब्द दिला.

निघताना त्यांनी क्वार्टरच्या दारावर वीत टाकली. साडेतीन विती भरल्या. म्हणाले, "यातून तिची खुर्ची जायची नाही. आपलं दार चार विती ठेव." मग सुनेला फोन लावून मामीला पडद्यावर कडुनिंब दाखवला. ऊन पडद्यावर येत होते, तिला किती दिसला कोण जाणे. तिला 'लिंब' एवढेच म्हणता आले, तेही दोनदा प्रयत्न करून.

बसमध्ये मामांनी सोबत काम केलेल्या माणसांची नावे आठवून आठवून सांगितली, मी लिहीत गेलो. अठरा नावे झाली. त्यांतली सात नंतर खोडावी लागली, ती माणसे आता नाहीत. उरलेल्या अकरांपैकी चौघांच्या घरी मी या आठवड्यात जाऊन आलो.